तापीच्या फुगवट्याकाठी दोन मुक्काम : थंडीत केबिन, उन्हाळ्यात कॅरॅव्हॅन

जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या फुगवट्याकाठी, म्हणजे धरणामागे तुंबलेल्या पाण्याच्या काठी, गेल्या दोन वर्षांत सुरू झालेल्या एका खासगी निवास-शिबिरात आम्ही दोनदा राहून आलो. पहिला मुक्काम जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात लाकडी केबिनमध्ये झाला आणि दुसरा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, भाड्याने आणलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीत. जागा एकच, पाणी एकच, माणसेही जवळजवळ तीच. परंतु दोन्ही वेळचा अनुभव इतका वेगळा होता की एकाच लेखात दोन जागांचे परीक्षण लिहितो आहे असे वाटावे. शिबिराचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. चालकांशी माझे सविस्तर बोलणे झाले आहे, काही दुरुस्त्या त्यांनी माझ्यासमोरच करून घेतल्या आहेत, आणि उरलेल्या दुरुस्त्यांना वेळ न देता नावानिशी लिहिणे मला योग्य वाटले नाही. मात्र खानदेशात पाण्याकाठी अशा सोयी आता ठिकठिकाणी उभ्या राहू लागल्या आहेत, तेव्हा राहायला जाण्यापूर्वी काय पाहावे आणि काय विचारावे, एवढे या दोन मुक्कामांवरून सांगता येईल.

आधी जागेविषयी. चांगदेवजवळ तापी आणि पूर्णा यांचा संगम होतो आणि त्याच्या खाली हतनूरचे धरण आहे. १९८२ साली पूर्ण झालेल्या या धरणाला ४१ दरवाजे आहेत, आणि पावसाळ्यात ‘हतनूरचे सगळे दरवाजे उघडले’ ही बातमी आमच्या भागात दरवर्षी ठरलेली असते. पूर्णा विदर्भातल्या काळ्या जमिनीतून येते, येताना गाळ घेऊन येते, आणि तो गाळ वर्षानुवर्षे इथे बसत राहिल्यामुळे जलाशय बराच उथळ झाला आहे. सिंचनाच्या दृष्टीने ही अडचणच आहे, पण पक्ष्यांना हे उथळ पाणी आणि मधली गाळाची बेटे मानवतात. शिबिर दक्षिण काठावर आहे. समोर पाणी, पाण्यापलीकडे रावेर-यावलच्या केळीबागांचा हिरवा पट्टा आणि त्याच्याही मागे सातपुड्याची निळी रेघ, असे दृश्य केबिनच्या ओट्यावर बसल्या बसल्या दिसते. भुसावळहून स्वतःच्या गाडीने आम्ही पाऊण तासाच्या आत पोहोचलो. शेवटचे दोन किलोमीटर शिवाररस्त्याचे आहेत. मोटार सावकाश जाते, पण पावसाळ्यात मी ती तिथे नेणार नाही.

एकूण आठ केबिने आहेत. दोन थरांच्या पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या पफ पॅनेलचा सांगाडा, आतून लाकडी फळ्यांचे अस्तर, वर उतरते छप्पर, आणि पाण्याच्या बाजूला, म्हणजे वायव्येला, जमिनीपासून आढ्यापर्यंत पूर्ण काचेची भिंत. आत एक मोठा पलंग, वर शिडीने चढायचा माळा, स्वच्छ न्हाणीघर आणि सोलरचे गरम पाणी आहे. जानेवारीत आम्ही चौघे होतो : मी, पत्नी, मुलगा आणि सात वर्षांचा नातू. दिवसा अंगावर घ्यावेसे ऊन होते, पण रात्री पाण्यावरून येणारा वारा हाडात शिरत होता, आणि नातवाला माळ्यावर झोपण्याचे जे अप्रूप होते ते पहाटे तीनच्या सुमारास संपून तो आमच्या गोधडीत येऊन पडला. त्या काचेच्या भिंतीचे तेव्हा आम्ही भरभरून कौतुक केले. दुपारनंतरचे ऊन तिच्यातून आत येई आणि खोली संध्याकाळपर्यंत उबदार राही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण एप्रिलच्या हकिकतीत हीच भिंत पुन्हा येणार आहे.

जानेवारीत या जागेचे खरे मोल कळते ते पहाटे. सहाच्या सुमारास धुके पाण्यावर अंथरलेले असते आणि त्याच्या आतून आधी फक्त आवाज येतात. पट्टकादंबांचा तो नाकातून आल्यासारखा, थोडा चिडका कलकलाट एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. हिमालय ओलांडून येणारा हा हंसासारखा पक्षी रात्री काठच्या हरभऱ्यात आणि गव्हात चरतो आणि उजाडता उजाडता पाण्यावर परततो. त्यामुळे तो पाहायचा तर नाश्त्याची वाट पाहून चालत नाही. धुके विरळ झाल्यावर चक्रवाकांच्या तांबूस जोड्या दिसल्या, गाळाच्या कडेने लांब गुलाबी पायांचे शेकाटे फिरत होते, आणि काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी शेकड्यांनी पसरले होते. नातवाला वारकरी हे नाव इतके आवडले की तो दिवसभर पाण्याकडे पाहून ‘विठ्ठल, विठ्ठल’ म्हणत होता. शिबिराकडे दुर्बिणी नाहीत; आपली न्यावी. पक्ष्यांची चित्रे असलेला फलक जेवणघरात लावला आहे, परंतु त्यावरच्या निम्म्या पक्ष्यांचा या जलाशयाशी संबंध नाही. फ्लेमिंगोचे मोठे छायाचित्र कोठून तरी छापून आणलेले दिसते.

जेवणाबद्दल मात्र हातचे राखून लिहिण्याचे कारण नाही. जानेवारी म्हणजे भरताचा हंगाम. शिबिरातल्या स्वयंपाकीणबाई बामणोदची हिरवट-पांढरी, जाड, कमी बियांची वांगी आणतात (जळगावच्या भरीत-वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, हे बाहेरच्या वाचकांसाठी), आणि ती गॅसवर न भाजता पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात. कपाशीच्या काड्यांचा जाळ भडक असतो आणि लवकर निवतो. वांग्याची साल काळी ठिक्कर होते, पण आतला गर जळत नाही, आणि धुराचा वास त्यात नेमका तेवढाच उतरतो. मग लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या, लसूण आणि गर एकत्र ठेचून, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे घातलेली तेलाची फोडणी. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि मुळा. बडगीतला तो ठक-ठक आवाज जेवणघराच्या मागून सुरू झाला की केबिनांची दारे आपोआप उघडू लागतात. दुसऱ्या दिवशी वरण-बट्टी होती. बट्टी तळलेली होती आणि तूप घरचे होते. याहून अधिक तक्रार किंवा स्तुती संभवत नाही. नाश्त्याला दिलेले पाव आणि डब्यातला जॅम हे कोणासाठी ठेवतात, ते मात्र कळले नाही. नातवानेसुद्धा ते बाजूला सारून रात्रीची भाकरी दुधात कुस्करून मागितली.

जानेवारीतली एकच गंभीर तक्रार म्हणजे मोटारबोट. सकाळी नऊ वाजता ती सुरू होते आणि पाहुण्यांना ‘जवळून पक्षी दाखवण्यासाठी’ सरळ थव्यात घातली जाते. थवा उठतो, लोक मोबाइल वर धरतात, टाळ्या पडतात. लांबचा प्रवास करून आलेल्या आणि परतीसाठी अंगावर चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला दिवसातून दहा वेळा उठवणे म्हणजे त्याची पुंजी उधळणे आहे, आणि असे चालू राहिले तर पक्षी हळूहळू दुसरा किनारा धरतील. मग बोट दाखवणार काय? बोटीतली सुरक्षा-जाकिटे एकाच मोठ्या मापाची होती, नातवाच्या अंगात ते पोत्यासारखे लोंबत होते, म्हणून आम्ही बोटीत बसलोच नाही. त्याऐवजी काठावर जाळी विणत बसलेल्या एका वयस्क भोईदादांशी बोलणे झाले आणि बोटीच्या फेरीऐवजी आम्ही मागच्या वळणापर्यंत पायीच गेलो. वल्ह्याची होडी, मापाची जाकिटे आणि थव्यापासून राखलेले अंतर एवढ्या तीन गोष्टी केल्या तर हीच फेरी या शिबिराचे भूषण होईल, असे मी निघताना अभिप्रायाच्या वहीत लिहिले.

आता एप्रिल. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून मुलाच्या डोक्यात ते घर करून होते. सून आणि तिची आई सुट्टीत येणार होत्या, शिबिराने ‘कॅरॅव्हॅनसाठी वीज-पाण्यासह तीन जागा’ अशी जाहिरात केली होती, आणि जानेवारीची आठवण ताजी होती. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली, चार जणांच्या झोपण्याची, छोटे स्वयंपाकघर आणि संडास असलेली गाडी ड्रायव्हरसह नाशिककडून आली. सहा जणांसाठी गाडीबरोबर एक केबिनही घेतले. एप्रिलमध्ये खानदेशात उघड्यावर राहायला कोण जाते, हा प्रश्न पत्नीने विचारला होता. तो नोंदवून पुढे जातो.

पहिली अडचण जमिनीची. पाणी एप्रिलपर्यंत बरेच मागे सरकलेले असते आणि जानेवारीत जिथे लाटा होत्या तिथे भेगाळलेली सपाट जमीन उघडी पडते. शिबिराच्या तीन ठरलेल्या जागांवर मुरूम टाकलेला होता, दाबलेलाही होता, पण त्यावर सावलीचा एक ठिपका नव्हता. आमची कुचंबणा पाहून तिथल्या मदतनिसाने सुचवले, “काका, खाली पाण्याजवळ लावा ना गाडी, तिथं वारा लागतो.” वरून कोरडी दिसणारी ती जमीन म्हणजे गाळावरची साय होती. चार टनांच्या आसपासची गाडी मागे घेता घेता डावे मागचे चाक कडकन आवाज करून निम्मे खाली गेले आणि खालून काळा, ओला, वास मारणारा चिखल वर आला. जवळच गाळपेर (पाणी ओसरल्यावर पेरतात त्या) जमिनीत टरबुजाच्या वेलांना पाणी देणाऱ्या एका शेतकरीबुवांनी ट्रॅक्टर आणला, तारेचा दोर बांधला आणि अर्ध्या तासात गाडी मुरुमावर आणून ठेवली. पाचशे रुपये त्यांनी बऱ्याच आग्रहानंतर घेतले आणि त्यांचा हिशेब चुकता व्हावा म्हणून की काय, दोन टरबुजे गाडीच्या पायरीवर ठेवून गेले. जलाशयाच्या काठाची जमीन रंगावरून ओळखता येत नाही. शिबिराने मुरुमाच्या हद्दीवर दगडांची साधी रांग लावून ‘यापुढे गाडी नेऊ नये’ एवढे लिहिले असते तर ही हकिकत घडली नसती.

दुसरी अडचण विजेची, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझे सारे आयुष्य भुसावळच्या रेल्वेत विद्युत विभागात गेले आणि खिशात टेस्टर व पिशवीत मल्टिमीटर असल्याशिवाय मला प्रवास केल्यासारखे वाटत नाही. प्रत्येक जागेवर एक लोखंडी खांब आणि त्यावर सोळा अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट आहे. कॅरॅव्हॅनची वायर त्यात लावायची, म्हणजे छतावरचा एसी, फ्रिज आणि बॅटरीचे चार्जिंग चालते. वायर लावण्यापूर्वी मी सवयीने फेज आणि अर्थिंग यांमध्ये टेस्ट-लॅम्प धरला. तो लागला नाही, म्हणजे अर्थिंग पोहोचतच नव्हते. खांबाचे झाकण उघडले तेव्हा अर्थिंगची हिरवी वायर अर्ध्यात कापून लोंबत ठेवलेली होती. घरातल्या भिंतीत ही चूक बरेच दिवस खपून जाते; पत्र्याच्या गाडीत खपत नाही. गाडीच्या आत कुठे वायर सोलवटून पत्र्याला लागली तर संपूर्ण गाडी जिवंत होते, टायर रबराचे असल्यामुळे ती वीज जमिनीत उतरत नाही, आणि ओल्या पायांनी जमिनीवरून पायरीच्या दांड्याला हात लावणारे पोर तिला वाट करून देते. मी वायर लावू दिली नाही. चालकांना फोन केला, आणि त्यांच्या बाजूने सांगायला हवे की त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वरणगावहून इलेक्ट्रिशियन आला, तिन्ही खांबांपाशी खड्डे घेऊन कोळसा-मीठ भरून अर्थिंग केले, आणि गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारा ब्रेकर बसवला. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो, याचा त्या इलेक्ट्रिशियनला त्रास झाला असेल.

वीज सुरक्षित झाली तरी पुरेशी झाली नाही. सकाळी मीटर २२८ व्होल्ट दाखवत होता. संध्याकाळी साडेसातला तोच १८७ वर आला. परिसर केळीचा, विहिरी-कूपनलिकांवरचे पंप असंख्य, आणि शेतीपंपांची पाळी सुरू झाली की टोकाच्या जोडणीवर दाब उतरणारच. या दाबावर एसीचा कॉम्प्रेसर उठत नाही. नुसता हुंकार देतो आणि बंद पडतो. गाडीतल्या बॅटरीवर एसी चालवावा म्हटले तर गणित सोपे आहे. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात साधारण २.४ युनिट वीज मावते, आणि दीड किलोवॉटचा एसी ती दीड-पावणेदोन तासांत संपवतो; प्रत्यक्षात बॅटरी इतकी रिकामी करायचीही नसते. कॅरॅव्हॅन भाड्याने देणाऱ्यांच्या माहितीपत्रकात ‘संपूर्ण वातानुकूलित’ असे असते. तो एसी कोणत्या विजेवर चालतो, हा प्रश्न भाडे ठरवताना विचारावा.

आणि उन्हाविषयी काय लिहावे! भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि एप्रिलचा तिसरा आठवडा काही फार मागे नसतो. दुपारी तीन वाजता बंद कॅरॅव्हॅनमध्ये माझ्या तापमापकाने ४४ अंश दाखवले. आम्ही केबिनमध्ये गेलो, तर तिथे जानेवारीतली लाडकी काच आमची वाट पाहत होती. वायव्येला तोंड केलेली ती भिंत दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत ऊन आत ओढत होती, आणि पफ पॅनेलचा जो गुण उष्णता बाहेर ठेवण्याचा आहे तोच आता आलेली उष्णता आत कोंडून ठेवत होता. खोलीत कूलर होता. खानदेशच्या कोरड्या हवेत कूलरसारखे साधन नाही. वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी ओघळते, त्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते आणि थंड झोत येतो. पण कूलर जितकी हवा आत ढकलतो तितकी बाहेर जायला वाट लागते. या केबिनला समोर न उघडणारी काच आहे, मागे न्हाणीघराची वीतभर खिडकी आहे, आणि आडवा वारा खेळायला दुसरे काही नाही. अर्ध्या तासात खोली दमट झाली, चादरी चिकट झाल्या, आणि सुनेच्या आईंनी अतिशय सौजन्याने विचारले, “इथे जवळपास कोणाचे घर असेल का हो?”

तो प्रश्न मला फार आवडला, कारण उत्तर दीड किलोमीटरवर होते. ट्रॅक्टरवाल्या शेतकरीबुवांचे जुने घर धाब्याचे आहे. दोन-अडीच फूट जाडीच्या मातीच्या भिंती, कडीपाटावर मातीचे थर टाकून केलेले सपाट छत, समोर ओसरी आणि अंगणात कडुनिंब. आम्ही सारी मंडळी दुपारी दोन तास त्यांच्या ओसरीवर घोंगडीवर पडलो होतो आणि पंख्याशिवाय कोणाचे अडले नाही. जाड मातीची भिंत दिवसाचे ऊन आत पोहोचू देता देता रात्र करते. ही विद्या आमच्या भागात कोणाला शिकवावी लागत नव्हती. लाखो रुपये खर्चून केबिने उभारणाऱ्याने तिकडे पाहिले नाही, आणि दूरच्या थंड डोंगरातल्या केबिनचे चित्र समोर ठेवून तापीकाठी तसेच बांधून घेतले. काचेवर बाहेरून बांबूचे चटईपडदे सोडता येतील, ओट्यावर चार फूट छप्पर पुढे काढता येईल, आणि मागच्या भिंतीत एक मोठी खिडकी पाडता येईल. हे सारे मी चालकांना कागदावर काढून दिले आहे.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेत अॅरिझोनात गेलो असताना लेक पॉवेल या जलाशयाच्या काठी एक रात्र राहण्याचा योग आला होता. कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाने १९६३ पासून अडवलेले ते पाणी तांबड्या खडकांच्या अस्सल वाळवंटात आहे, आणि पातळी जितकी उतरली तितका खडकांवर पांढरा पट्टा उमटलेला दिसतो. तिथल्या कॅरॅव्हॅनतळावर मला चकचकीत काही दिसले नव्हते. प्रत्येक जागेला पिण्याच्या पाण्याचा नळ, विजेचा खांब आणि सांडपाण्याच्या नळीचे तोंड, आणि गाडी उभी करायला पक्की जमीन. त्या भागातल्या अनेक तळांवर जेवणाच्या मेजावर नुसते चार खांबांचे छप्पर असते. झाड वाढत नाही म्हणून सावली बांधायची, एवढा सरळ विचार. आपल्याकडे तर कडुनिंब न सांगता वाढतो. मुरुमाच्या तीन जागांच्या पश्चिमेला दोन वर्षांपूर्वी सहा रोपे लावली असती तर आज त्यांची सावली माणसाच्या उंचीइतकी तरी झाली असती.

सांडपाण्याचा विषय नाजूक आहे, पण टाळता येत नाही. कॅरॅव्हॅनच्या संडासाची टाकी दीड-दोन दिवसांत भरते आणि ती रिकामी करण्यासाठी शोषखड्ड्याला जोडलेले तोंड लागते. शिबिराकडे ते नाही. “पलीकडच्या नाल्यात सोडून द्या, सगळे तेच करतात,” असे आम्हाला सांगण्यात आले. तो नाला जलाशयात उतरतो, आणि याच पाण्यावर भुसावळ शहर, रेल्वे आणि दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र अवलंबून आहे. म्हणजे मी तिथे जे सोडीन ते काही काळाने माझ्याच नळाकडे निघणार. आम्ही टाकी तशीच ठेवली, दुसऱ्या दिवसापासून केबिनचे न्हाणीघर वापरले, आणि परतताना गाडी घरी आणून आमच्या सेप्टिक टाकीत ती रिकामी केली. गल्लीतल्या मंडळींना यातून आठवडाभर पुरेल इतका विषय मिळाला. ‘वीज-पाण्यासह’ या जाहिरातीत पाणी कुठून येते एवढेच सांगितलेले असते. ते जाते कुठे, हेही विचारून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी दुपारी वावटळ आली. शेतातून धूळ आणि पाचोळ्याचा खांब उठला, सरळ आमच्याकडे वळला, आणि गाडीच्या बाजूला उघडलेले ऑनिंग, म्हणजे सावलीचे कापडी छत, उचलून छतावर उलटे टाकून गेला. एक दांडा वाकला, आणि भाडेकराराप्रमाणे अनामत रकमेतून त्याचे पैसे कापले गेले. याचा दोष शिबिराला नाही. एप्रिलमध्ये ऑनिंग उघडे टाकून टरबूज कापत बसणाऱ्यांचा आहे.

आणखी एक गोष्ट, जी परीक्षणांत सहसा येत नाही. आमच्या ड्रायव्हरदादांची झोपण्याची सोय शिबिराने केलेली नव्हती. कॅरॅव्हॅनमध्ये कुटुंब झोपलेले, केबिन आमच्यातल्याच बाकीच्यांनी व्यापलेले, आणि त्यांना ‘जेवणघराच्या बाकावर पडा’ असे सांगण्यात आले. पहिली रात्र त्यांनी डासांशी झुंजत काढली. आपल्याकडे कॅरॅव्हॅन बहुधा ड्रायव्हरसह येते, म्हणून प्रत्येक जागेमागे एका माणसाची खाट, मच्छरदाणी आणि न्हाणीची सोय गृहीत धरायला हवी. दुसऱ्या रात्री मुलाने केबिनमधली गादी त्यांना ओट्यावर घालून दिली.

एप्रिलची बाजू पूर्ण काळी नव्हती, हेही लिहायला हवे. सूर्य मावळल्यावर तासाभरात पाण्यावरून वारा सुटला आणि मुरुमाच्या जागेवर खाटा टाकून आम्ही जी रात्र काढली तशी शहरात मिळत नाही. सातपुड्यावर कुठेतरी वणव्याची बारीक नारिंगी कड दिसत होती, गाळाच्या बेटावरून टिटवी अधूनमधून ओरडत होती, आणि ट्रॅक्टरवाल्या बुवांचे दुसरे टरबूज बादलीतल्या पाण्यात गार करत ठेवले होते. स्वयंपाकीणबाईंनी त्या रात्री शेवभाजी केली होती. तर्री अशी, की सुनेच्या आईंनी पहिल्या घासाला पाणी मागितले आणि तिसऱ्या घासाला भाजी. एप्रिलमध्ये भरीत मागू नये. मिळते, पण वांगे बेचव आणि बियाळ असते, आणि बाई स्वतःच ते सांगतात.

दरांविषयी : केबिनला दोघांसाठी नाश्ता-जेवणासह एका रात्रीचे साडेतीन हजार रुपये आणि वरच्या माणशी सातशे, असे आम्ही दोन्ही वेळा दिले. जानेवारीत हे पैसे वसूल झाले. एप्रिलमध्ये हंगाम नसताना तोच दर लावणे मला पटले नाही. कॅरॅव्हॅनच्या जागेचे बाराशे रुपये घेतात. अर्थिंग नसलेल्या खांबाच्या पहिल्या दिवसाचे पैसे चालकांनी आपण होऊन परत केले. गाडीचे भाडे, किलोमीटरचा दर, ड्रायव्हरचा भत्ता आणि तो वाकलेला दांडा धरता दोन रात्रींचा खर्च इतका झाला की तेवढ्यात जानेवारीत आम्ही चौघे आठवडाभर राहिलो असतो. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर मार्च ते जून या काळात इथे राहायला जाऊ नये. एक दिवसाची सहल असेल तर पहाटे जाऊन दहाच्या आत परतावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र निःशंक जावे. केबिन क्रमांक चार मागावे, कारण त्याच्या पश्चिमेला एक जुनी बाभूळ आहे आणि सकाळी तिच्यावर खंड्या बसतो.

मागच्या आठवड्यात चालकांचा फोन आला होता. मागची खिडकी दोन केबिनांना पाडली आहे, दगडांची रांग लावली आहे, शोषखड्ड्याचे काम पावसाळ्यानंतर धरणार आहेत, मोटारबोटीबद्दल ‘बघू’ म्हणाले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यासाठी चार नंबरचे केबिन आम्ही सांगून ठेवले आहे. नातवाच्या मापाचे जाकीट घरून नेणार आहोत, आणि वांगी बामणोदहून स्वतः घेऊन जाणार आहोत. पत्नीचा जॅमवर विश्वास उडाल्यापासून तिला स्वयंपाकघराच्या कोणत्याच खरेदीवर विसंबायचे नाही.